झाडपाल्यात जंतूंना रोखणारं काय आहे? गावाकडच्या प्रयोगशाळेत तपासायची रीत

विळा लागला, काटा रुतला, जुवानं बैलाचा खांदा सोलला, की विदर्भातल्या खेड्यात हात आधी जातो तो कंबरमोडीच्या पाल्याकडे. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी एकदांडी. पाला हातावर चोळायचा, रस पिळायचा, जखम झाकायची. अशा पाल्यात जीवाणूंना रोखणारं खरंच काही आहे का, ही तपासणी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सुरू करता येते आणि जवळच्या पदवी महाविद्यालयात पुढे नेता येते.

जीवाणू पसरलेल्या प्लेटवर अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ, म्हणजे जीवाणू न वाढलेली जागा, मिळवणं सोपं आहे. इतकं सोपं, की आता ते दिसलं की मला आनंदाआधी शंका येते. वर्तुळ द्रावकामुळे येतं, आंबटपणामुळे येतं, शेतातल्या फवारणीमुळे येतं, टॅनिन या तुरट द्रव्यामुळे येतं. ही कारणं एकेक करून बाद करणं हेच या कामातलं निम्म्याहून जास्त काम आहे. खालची पद्धत त्याच क्रमानं लिहिली आहे.

वैदूला काय विचारायचं

मेळघाटात भूमका, गडचिरोलीकडे पुजारी, बाकी ठिकाणी वैदू. यांच्याकडे जाताना वहीत फक्त झाडाचं नाव लिहून परत आलात तर अर्धी माहिती तिथेच राहिली. कोणता भाग वापरता, पान की साल की मूळ? ताजा की वाळलेला? कोणत्या महिन्यात काढता? पाण्यात, तेलात की तुपात? आणि नेमकं कशासाठी? ताप, खोकला, पोटदुखी यांवरच्या औषधात जीवाणूंना मारणारं काही असेलच असं नाही. पिकलेली जखम, गळू, डोळे येणं, हिरड्या सुजणं, जुलाब हे उपयोग सांगितले तर जीवाणूंच्या चाचणीला अर्थ आहे.

आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या वैदूचं सांगणं असं: "पाला दगडावर ठेचाचा, रस पिळाचा अन् तसाच लावाचा. उकळाचा नाही." हे वाक्य वहीत जसंच्या तसं लिहा, कारण अर्क कसा काढायचा ते त्यातच आहे. चीनच्या तू यूयू यांचं उदाहरण बघा. हिवतापावरच्या औषधासाठी त्या एका वनस्पतीचे अर्क काढत होत्या आणि गुण कधी दिसे, कधी नाही. एका जुन्या चिनी ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. त्यावरून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि तो प्रभावी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिथे रोग जीवाणूंचा नव्हता, पण धडा आपल्यालाही लागू आहे.

विचारण्याआधी हेतू मराठीत, किंवा गोंडी-कोरकू जाणणाऱ्या माणसाला सोबत घेऊन, सांगा. जे ते सांगू इच्छित नाहीत ते खोदून विचारू नका. त्यांचा दिवस मोडला तर मजुरी द्या. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. दोन्हींची चौकशी करा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात जंगलातून नमुना आणायचा तर ग्रामसभेची परवानगी घ्या. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, आणि पुढे कुणी यातून उत्पादन काढायचं म्हटलं तर मंजुरी आणि लाभवाटपाचा प्रश्न येतोच.

झाड तेच आहे ना?

ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती दिल्या जातात, शंखपुष्पी म्हणून तर तीन-चार. म्हणून गावातल्या नावावर काम संपत नाही. कंबरमोडी ओळखायला सोपी: जमिनीसरशी पसरणारं खोड, दातेरी खरखरीत पानं, आणि वीतभर उंच, पानं नसलेल्या दांड्यावर एकच फूल. मधे पिवळं, भोवती बहुधा पाच पांढुरक्या पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मजा म्हणजे ही मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. आपल्याकडे बाहेरून आली, तण म्हणून पसरली आणि वैदूंनी तिला कामाला लावलं.

फूल आणि शक्य तर फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबा, कागद रोज बदला, वाळली की जाड कागदावर शिवा. गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, स्थानिक नाव, उपयोग हे सगळं लिहा. नागपूर किंवा अमरावती विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पक्की करून घ्या आणि नमुन्याला क्रमांक मिळवा. हा क्रमांक नसलेला निकाल उद्या कुणालाही पडताळता येणार नाही.

नमुना कुठून घेता याला विदर्भात विशेष महत्त्व आहे. कपाशीच्या धुऱ्यावरची कंबरमोडी जोमदार दिसते, पण तिच्यावर हंगामभर फवारणीचा तुषार बसलेला असतो. संत्रा-लिंबाच्या बागेत खैऱ्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारली जात आली आहे. ते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण, म्हणजे सरळ प्रतिजैविकच. अशा झाडाखालचा पाला तपासला तर वर्तुळ हमखास येईल, पाल्याचा गुण असो वा नसो. म्हणून पडीक, गायरान किंवा जंगलकडेचा नमुना घ्या आणि शेजारच्या शेतात काय फवारलं ते विचारून लिहा.

दोन वनस्पतींपासून विद्यार्थ्यांना दूर ठेवा: बिब्बा आणि रुई. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते.

वाळवणं आणि अर्क

पाला वाहत्या पाण्याखाली धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं खळखळा आणि सावलीत, हवेशीर जागी, पातळ थरात वाळवा. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका. तिथलं तापमान सहज ५० च्या वर जातं आणि उडून जाणारी द्रव्यं गेली म्हणून समजा. श्रावणात उलट त्रास, पाला वाळण्याआधीच बुरशी धरतो. तेव्हा पंखा लावा किंवा ओव्हन ४० अंशांवर ठेवा. पान चुरगाळल्यावर कुरकुरीत तुटलं की मिक्सरमधून काढा, चाळा आणि घट्ट झाकणाच्या काळ्या बाटलीत भरा.

तीन अर्क करा. पहिला वैदूच्या रीतीनं: ताज्या पाल्याचा रस, न उकळता, मलमलच्या कापडातून गाळलेला, त्याच दिवशी वापरायचा. दुसरा पाण्यात आणि तिसरा ७० टक्के इथेनॉलमध्ये; दोन्हींसाठी २० ग्रॅम पूड आणि २०० मिली द्रावक. इथेनॉलचा अर्क बंद बाटलीत ४८ तास मुरू द्या, मधून मधून हलवा. पाण्याचा मात्र रात्रभरच, तोही फ्रीजमध्ये, नाहीतर तो आंबतो आणि तुम्ही झाडाऐवजी आंबवणाची चाचणी करता. आधी कापडातून, मग व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळा. इथेनॉलजवळ उघडी ज्योत नको. हँड सॅनिटायझर इथेनॉलऐवजी वापरायची कल्पना दर वर्षी कुणीतरी काढतं. त्यात ग्लिसरॉल असतं, कधी हायड्रोजन पेरॉक्साइडही, आणि ते मागे राहून जंतूंवर स्वतःच काम करू शकतं.

गाळलेला अर्क आधी वजन केलेल्या उथळ काचपात्रात घेऊन ४०–४५ अंशांच्या वॉटर बाथवर सुकवा. पुन्हा वजन करा. २० ग्रॅम पुडीतून १.८ ग्रॅम अर्क निघाला तर उतारा ९ टक्के. सुका अर्क डीएमएसओ या द्रावकात १०० मिलिग्रॅम प्रति मिली या प्रमाणात विरघळवा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पाण्याचा सुका अर्क डीएमएसओत नीट विरघळला नाही तर निर्जंतुक पाण्यात विरघळवा आणि त्याचं कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचं नुसतं द्रावक, तेही पाण्याचंच ठेवा.

इथेच आणखी एक बाटली तयार करा: ज्वारीच्या पानांचा अर्क, अगदी याच पद्धतीनं. त्याचं काम पुढे सांगतो.

जीवाणू कोणते, कुठून

जखमेतला पू, गटाराचं पाणी, दवाखान्यातला नमुना यांतून जीवाणू वाढवायचे नाहीत. काय वाढतंय हे तुम्हाला कळणार नाही आणि ते घातक असू शकतं. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी बॅसिलस सबटिलिस आणि ई. कोलायचा निरुपद्रवी के-१२ वाण पुरेसे आहेत. पहिला ग्राम-पॉझिटिव्ह, दुसरा ग्राम-निगेटिव्ह; आवरणावरून पडणारे जीवाणूंचे हे दोन मोठे गट, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. ओळखीचे वाण चंदीगडच्या एमटीसीसी आणि पुण्याच्या एनसीआयएम या संग्रहांतून संस्थेच्या नावानं मागवता येतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे रोगकारक जीवाणू फक्त सूक्ष्मजीवशास्त्राची प्रशिक्षित माणसं आणि बायोसेफ्टी कॅबिनेट असलेल्या ठिकाणीच हाताळायचे.

प्लेट

म्युलर-हिंटन अगर, म्हणजे जीवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, १०० मिली पाण्यात ३.८ ग्रॅम. ऑटोक्लेव्ह असेल तर १२१ अंशांना १५ मिनिटं. नसेल तर घरचा प्रेशर कुकर चालतो: पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून २० मिनिटं, आणि दाब आपोआप उतरू द्या, नाहीतर अगर उतू जातो. ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली ओता, म्हणजे ४ मिमीचा थर मिळतो. थर पातळ असेल तर वर्तुळ फुगतं, जाड असेल तर आकसतं. टेबल सपाट आहे का ते आधी पाहा.

आदल्या दिवशी वाढवलेल्या जीवाणूंच्या वसाहती निर्जंतुक सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मानकाला जुळवा. हे मानक घरीच करता येतं: १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिली आणि १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली. काळ्या रेघा ओढलेला पांढरा कागद मागे धरा. दोन्ही नळ्यांतून रेघा सारख्याच पुसट दिसल्या पाहिजेत. ई. कोलायसाठी याचा अर्थ मिलिलीटरमागे सुमारे १५ कोटी पेशी. बॅसिलसच्या पेशी साखळीनं आणि बीजाणूंसकट असतात, तिथे आकडा वेगळा येतो, पण दर वेळी तोच गढूळपणा ठेवला तर तुलना करता येते.

कापसाचा बोळा त्यात बुडवा, नळीच्या कडेला दाबून जास्तीचं पाणी काढा आणि प्लेट ६० अंशांनी फिरवत तीन दिशांनी सारवा. मग ६ मिमीच्या निर्जंतुक नळीनं छिद्रं पाडून प्रत्येकात ५० मायक्रोलीटर अर्क टाका. प्लेट अर्धा तास तशीच ठेवा, अर्क आत मुरू द्या, आणि ३५ अंशांना १६ ते १८ तास इनक्युबेटरमध्ये.

इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात खोलीच ४३ अंशांवर असेल तर आतला काटा ३५ वर लावून काही होत नाही. आत खोलीइतकं किंवा त्याहून जास्तच असणार. इनक्युबेटर कूलरच्या खोलीत हलवा, किंवा हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मी हा दुसरा पर्यायच सुचवीन. उन्हाळ्यात अगरही कडेनं वाळून आकसतो, त्यासाठी डब्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवावा लागतो. भारनियमनाचे तास आणि थर्मामीटरचे आकडे वहीत लिहा. रात्री वीज गेली असेल तर त्या प्लेटा मोजू नका.

वर्तुळ कशामुळे आलं?

प्रत्येक प्लेटवर अर्काच्या छिद्रासोबत आणखी तीन हवीत. एकात नुसतं डीएमएसओ. त्याभोवती वर्तुळ आलं तर ते द्रावकाचं. एकात ज्वारीच्या पानांचा अर्क. ज्वारीचा पाला आपल्याकडे कुणी जखमेवर लावत नाही. त्यानंही तेवढंच वर्तुळ दिलं तर तुमची पद्धत काहीही पास करते आहे. आणि तिसऱ्या जागी ओळखीच्या प्रतिजैविकाची चकती, उदाहरणार्थ सिप्रोफ्लोक्सासिन ५ मायक्रोग्रॅम. तिथेच वर्तुळ आलं नाही तर प्लेटच बिघडली. याशिवाय एका वेगळ्या प्लेटवर जीवाणू न सारवता नुसता अर्क ठेवा, कारण वाळलेल्या पाल्यात बॅसिलसचे बीजाणू नेहमी असतात आणि ते अर्कातून वाढून तुम्हाला गोंधळात टाकतात.

आवळा, चिंच यांच्यासाठी एक जास्तीचं कंट्रोल लागतं. अर्काचा पीएच मोजा आणि तेवढ्याच पीएचचं सायट्रिक आम्लाचं पाणी वेगळ्या छिद्रात टाका. दोन्ही वर्तुळं सारखी आली तर तो आंबटपणाचा परिणाम.

मोजताना बाटल्यांवर झाडाचं नाव नको, फक्त आकडा हवा, आणि मोजणाऱ्याला यादी ठाऊक नको. कड पुसट असते तिथे आपल्याला हवा तो मिलिमीटर दिसतो. वर्तुळाचा व्यास छिद्रासकट मोजा. एका वेळी तीन प्लेटा आणि हा सगळा खेळ तीन वेगळ्या दिवशी. एकाच दिवशीच्या तीन प्लेटा म्हणजे तीन पुरावे नव्हेत.

आता सर्वात जास्त फसवणारी गोष्ट. पुष्कळ अहवालांत अर्काचं वर्तुळ १६ मिमी आणि सिप्रोफ्लोक्सासिनचं २५ मिमी असं शेजारी छापून "औषधाच्या जवळपास परिणाम" असं लिहितात. हिशेब करा: १०० मिलिग्रॅम प्रति मिली अर्काचे ५० मायक्रोलीटर म्हणजे ५ मिलिग्रॅम. चकतीत ५ मायक्रोग्रॅम. अर्क हजार पट जास्त आहे! शिवाय वर्तुळ द्रव्य अगरमधून किती सरकतं यावरही ठरतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अगरमधून सरकतही नाही. त्याचं लहान वर्तुळ म्हणजे हळद निकामी असं नव्हे. म्हणून प्लेट फक्त चाळणी समजा. "संवेदनशील" आणि "प्रतिरोधक" हे दवाखान्यातल्या अहवालाचे शब्द अर्काला लावू नका.

एमआयसी: किती कमी मात्रेला वाढ थांबते

हे काम महाविद्यालयात, ९६ खणांच्या प्लेटमध्ये. अर्काचा १०० मिलिग्रॅमचा साठा म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये, म्हणजे अगर नसलेल्या पातळ माध्यमात, ५० पट पातळ करा: २००० मायक्रोग्रॅम प्रति मिली, डीएमएसओ २ टक्के. पहिल्या खणात हे २०० मायक्रोलीटर, दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत नुसता ब्रॉथ १०० मायक्रोलीटर. पहिल्यातून १०० दुसऱ्यात, ढवळा, दुसऱ्यातून १०० तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत. शेवटचे १०० टाकून द्या. मग ०.५ मॅकफार्लंडचं द्रावण ब्रॉथमध्ये १५० पट पातळ करून प्रत्येक खणात १०० मायक्रोलीटर. आता पहिल्या खणात १००० मायक्रोग्रॅम अर्क आणि १ टक्का डीएमएसओ आहे; पुढे ५००, २५०, १२५ असं निम्मं होत जातं. अकरावा खण अर्काशिवाय, पण १ टक्का डीएमएसओ आणि जीवाणूंसह. बारावा नुसता ब्रॉथ. आणखी एका ओळीत हाच अर्क, पण जीवाणू न टाकता.

३५ अंशांना १८ ते २० तासांनी प्रत्येक खणात रिसाझुरिन या निळ्या रंगाचं ०.०१५ टक्के द्रावण ३० मायक्रोलीटर टाका आणि दोन ते चार तास थांबा. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर आहे. निळा राहिलेला सर्वात पातळ खण म्हणजे एमआयसी. पाल्याच्या अर्काचा हिरवा-तपकिरी रंग निळ्याला झाकतो, आणि काही अर्क जीवाणूंशिवायच रिसाझुरिनला गुलाबी करतात. म्हणून ती जीवाणूविरहित ओळ वगळायची नाही. निळ्या खणांतले १० मायक्रोलीटर साध्या अगरवर टाकून बघा. वसाहती उगवल्या तर अर्कानं जीवाणूंना मारलं नव्हतं, नुसतं थोपवलं होतं.

कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या आत आली तर पुढे जाण्याजोगं काही आहे. १००० च्या वर असेल तर त्यावर वर्षं घालवू नये. ई. कोलायवर बहुतेक अर्क थिटे पडतात, ग्राम-निगेटिव्ह जीवाणूंचं बाहेरचं आवरणच तसं आहे. त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

टॅनिन

हिरडा, बेहडा, बाभळीची साल, धावडा, धायटीची फुलं. आपल्या जंगलातली ही मंडळी चाचणीत नेहमी पहिल्या रांगेत येतात, आणि कारण बहुधा एकच असतं. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, जीवाणूंच्या प्रथिनांनाही. त्याच गुणावर कातडी कमावली जाते. अर्काच्या पातळ द्रावणात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाका. निळसर काळा किंवा हिरवट काळा रंग आला की टॅनिन किंवा त्याच्या जातीची द्रव्यं आहेत.

मग अर्काच्या पाण्यातल्या द्रावणात थोडं मीठ घातलेलं १ टक्का जिलेटिनचं द्रावण थेंबथेंब घाला. टॅनिन साक्यासारखं खाली बसतं. गाळा आणि गाळलेलं पाणी पुन्हा प्लेटवर तपासा. वर्तुळ गायब झालं तर कर्ता टॅनिन होता. उरलं तर त्यात दुसरं काही आहे, आणि तेच शोधण्यासारखं. टॅनिनला मी निरुपयोगी म्हणत नाही. गुळण्या करायला, हिरड्या आवळायला ते कामाचं आहे. पण रक्तात, ऊतींत प्रथिनांचीच गर्दी असते. तिथे ते जीवाणूंपर्यंत पोचायच्या आधीच अडकतं.

दुसरं काही उरलंच तर टीएलसीच्या (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) पट्टीवर अर्काचे घटक वेगळे करून त्याच पट्टीवर जीवाणू मिसळलेल्या अगरचा पातळ थर ओततात. ज्या पट्ट्यावर वाढ थांबते, तो खरवडून पुढच्या तपासणीला पाठवायचा. हे न करता अख्ख्या अर्काचं जीसी-एमएस, म्हणजे उडणारी द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रातलं विश्लेषण, करून संगणकानं सुचवलेली संयुगांची यादी छापायची पद्धत पडली आहे. त्या यादीतून कोणतं संयुग जीवाणूंना रोखतं हे कळत नाही, आणि न उडणारी द्रव्यं तर त्या यंत्रात दिसतच नाहीत.

आवराआवर आणि अहवाल

वापरलेल्या प्लेटा न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना ३० मिनिटं. शाळेत निरुपद्रवी वाण असतील तर कुकरमध्ये ४५ मिनिटं. स्वयंपाकाचा कुकर नंतर स्वयंपाकाला नेऊ नका, प्रयोगशाळेचा वेगळा ठेवा.

अहवालात "कंबरमोडी जंतुनाशक आहे" असं वाक्य नको. कोणत्या गावच्या, कोणत्या महिन्यातल्या, कोणत्या क्रमांकाच्या नमुन्याचा कोणता अर्क, कोणत्या वाणावर, किती मायक्रोग्रॅमला, किती वेळा, हे लिहा. ज्वारीचा आकडा शेजारी छापा. काही आलं नाही तेही छापा, नाहीतर दुसऱ्या तालुक्यातला विद्यार्थी तेच झाड पुन्हा तपासेल. माणसांवर, जनावरांवर लावून बघणं या कामात बसत नाही. त्याआधी विषारीपणाच्या चाचण्या आणि नैतिक समितीची मान्यता लागते.

छापायला पाठवण्याआधी एक प्रत मराठीत वैदूला वाचून दाखवा आणि एक ग्रामसभेला द्या. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन परिषदेनं जुन्या छापील नोंदी पुढे केल्यामुळे ते १९९७ मध्ये रद्द झालं. म्हणून अहवालात वैदूची माहिती कुठून आली ते त्यांच्या संमतीनं, तारखेसह नोंदवा. नाव नको असेल तर गावाचं नाव पुरे.